व्हीएममध्ये रिअल-टाइम लूप: सरासरी झकास, पण मधूनच ठोका चुकतो. कर्नल वेगासाठी लावायचा की वेळेसाठी?

हिंगणा_लूप (९ फेब्रुवारी, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी. हिंगणा एमआयडीसीतल्या एका छोट्या ऑटोमेशन कंपनीत काम करतो. आमच्याकडे पॅकिंग लाइनचा एक कंट्रोल लूप आहे, दर १ मिलिसेकंदाला फिरणारा: सेन्सर वाचायचे, हिशोब करायचा, सर्व्हो मोटरला आकडा द्यायचा. आधी तो वेगळ्या औद्योगिक पीसीवर होता. तो पीसी दिवाळीत जळाला आणि ठरलं की आता सगळं एकाच सर्व्हरवर, व्हीएममध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरनं उभ्या केलेल्या आभासी मशीनमध्ये.

सर्व्हर ८ कोअरचा, १६ थ्रेडचा. होस्टवर, म्हणजे खऱ्या मशीनवर, डेबियन १२ लिनक्स, कर्नल (त्याचा गाभा) ६.१, व्हीएम चालवायला केव्हीएम. त्यावर एकच मोठी व्हीएम. तिच्यात कंट्रोल लूप आणि शेजारीच लाइनच्या सगळ्या नोंदी साठवणारा डेटाबेस. नेटवर्क कार्ड थेट व्हीएमच्या ताब्यात दिलेलं आहे.

सायक्लिकटेस्ट, म्हणजे काम ठरल्या वेळेपेक्षा किती उशिरा जागं होतं ते मोजणारी चाचणी, चोवीस तास चालवली. सरासरी १२ मायक्रोसेकंद, पाहून जीव सुखावला. मग कमाल असलेला कॉलम पाहिला: १४ मिलिसेकंद. म्हणजे लूपच्या चौदा फेऱ्या गायब. असं झालं की सर्व्हो ड्राइव्ह संपर्क तुटला म्हणून फॉल्ट टाकतो, लाइन उभी राहते आणि पट्ट्यावर अर्धवट सील झालेले पाउच हातानं काढावे लागतात. परवा रात्रपाळीत ते काढताना एका मुलाचा हात गरम पट्टीला लागला. फार नाही भाजलं, पण तेव्हापासून मला चैन नाही.

व्हीएममध्ये आरटी (रिअल-टाइम) कर्नल टाकून पाहिला, डेबियनमध्ये तयार मिळतो. कमाल १४ वरून ११ मिलिसेकंद झाली, आणि डेटाबेसचा वेग जवळपास चौथ्या हिश्शाने पडला. तेलही गेलं, तूपही गेलं. दोन्ही एका पेटीत बसतं का? बसवलं असेल कुणी तर कसं?

---

तर्रीवाला_कोडर (९ फेब्रुवारी, रात्री ११:०२)

भाऊ, गेस्टमध्ये, म्हणजे व्हीएमच्या आत, आरटी टाकून होस्ट तसाच ठेवला म्हणजे नवरदेव तयार अन् घोडा झोपलेला. होस्टनंच व्हीसीपीयू बाजूला काढून ठेवला तर गेस्टचा कर्नल काय करन बाप्पा?

---

कर्नलकाका (१० फेब्रुवारी, सकाळी ७:१५)

तर्रीवाल्यानं एका वाक्यात सांगितलं, मी जरा उलगडून सांगतो.

व्हीसीपीयू हा खरा सीपीयू नव्हे. होस्टच्या नजरेत तो एक साधा थ्रेड असतो, ब्राउझरच्या किंवा बॅकअपच्या थ्रेडसारखाच. होस्टच्या शेड्युलरला वाटलं की आता दुसऱ्याची पाळी, की तो थ्रेड रांगेत मागे जातो. गेस्टला याचा पत्ता नसतो. त्याच्या दृष्टीनं कुणीतरी काळच थांबवला आणि पुन्हा सुरू केला. गेस्टमधल्या कामाला तुम्ही कितीही वरचा अग्रक्रम द्या, तो व्हीएमच्या उंबरठ्याच्या आतच. बाहेर त्याला कुणी ओळखत नाही.

गेस्टमध्ये टॉप चालवून ‘एसटी’चा आकडा पाहा. चोरीला गेलेला वेळ तो. व्हीसीपीयू पळायला तयार होता, पण होस्टनं कोअर दिला नाही, असा वेळ.

आता डेटाबेस का मंदावला. आरटी कर्नलमध्ये बहुतेक स्पिनलॉक (जागच्या जागी गिरक्या घेत वाट पाहायला लावणारे लॉक) झोपू शकणारे लॉक होतात, इंटरप्टची (हार्डवेअरच्या हाकेची) कामं स्वतंत्र थ्रेडमध्ये जातात, म्हणजे मध्येच थांबवता येतात. हे सगळं वरच्या कामाला वाट लवकर मोकळी व्हावी म्हणून. पण त्याची किंमत म्हणजे जास्त अदलाबदल, जास्त जागं करणं, गार पडलेली कॅश (प्रोसेसरजवळची चटकन मिळणारी मेमरी). साध्या मशीनवर ही किंमत एकदा मोजावी लागते. व्हीएममध्ये दोनदा, कारण यातल्या बऱ्याच गोष्टींसाठी गेस्टला दार उघडून होस्टकडे यावं लागतं: टायमर लावला की एक्झिट, सीपीयू रिकामा होऊन थांबला की एक्झिट, दुसऱ्या व्हीसीपीयूला उठवलं की बऱ्याच हार्डवेअरवर आणखी एक. एका एक्झिटची किंमत साधारण एखादा मायक्रोसेकंद धरा, पण दर सेकंदाला त्या हजारोंनी होतात. तुमचा चौथा हिस्सा तिथे गेला.

तेव्हा पहिलं काम होस्टवर. लूपचे व्हीसीपीयू ठरावीक कोअरवर पिन करा, ते कोअर आयसोल-सीपीयूज लावून बाकीच्यांना बंद करा, होस्टचे इंटरप्ट तिथून हटवा, टिक (कर्नलचा ठरावीक ठोका) आणि आरसीयूची (कर्नलची मागाहून करायची आवराआवर) कामंही दुसरीकडे न्या. मग पुन्हा मोजा. गेस्टच्या आरटीबद्दल त्यानंतर बोलू.

---

अंबाझरी_११ (१० फेब्रुवारी, सकाळी ९:३०)

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. रिअल-टाइम म्हणजे फास्ट ना? मग आरटी कर्नल टाकून काहीही हळू कसं होईल?

---

निवृत्त_इन्स्ट्रुमेंट (१० फेब्रुवारी, सकाळी १०:०५)

बाळा, प्रश्न बाळबोध नाही. माझ्या हाताखाली आलेले पदवीधर दहा वर्षांनंतरही हाच घोळ घालत. रिअल-टाइम म्हणजे वेगवान नव्हे. रिअल-टाइम म्हणजे वेळेवर.

मी औष्णिक वीज केंद्रात इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये एकतीस वर्षं काढली, तिथलं उदाहरण देतो. आपली वीज ५० हर्ट्झ, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. आजच्या डिजिटल सबस्टेशनमध्ये करंट-व्होल्टेजचे नमुने एका आवर्तनात ८० वेळा घेतात, म्हणजे सेकंदाला ४,०००, दर २५० मायक्रोसेकंदांना एक. आणि ब्रेकर उघडण्याचा सगळ्यात तातडीचा संदेश ३ मिलिसेकंदांत पोचला पाहिजे असं सबस्टेशनचं मानक आयईसी ६१८५० सांगतं. यातलं २५० मायक्रोसेकंदांचं काम आजच्या प्रोसेसरला अवजड नाही, तो त्यात लाखभर सूचना सहज उरकतो. अवघड हे आहे की दिवसातल्या चौतीस कोटी छप्पन्न लाख नमुन्यांपैकी प्रत्येक नमुना वेळेवर हाताळायचा. तिथे सरासरी विचारायला कुणी येत नाही.

हिंगणा_लूप, आता तुम्हाला. तुमचा आपत्कालीन थांबा कुठून जातो? तो जर या व्हीएममधून जात असेल तर बाकीची चर्चा बंद करा आणि आधी तो तारेनं थेट सेफ्टी रिलेवर न्या. माणसाचा हात जिथे जातो तिथे मध्ये हायपरव्हायझर (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) नको. यावर माझं मत बदलणार नाही.

---

झिरोमाइल (१० फेब्रुवारी, दुपारी १२:२०)

अवांतर, पण काकांच्या ‘वेळेवर’ वरून. आपल्या नागपुरात या शब्दाचे दोन अर्थ चालतात. ‘गाडी वेळेवर आली’ म्हणजे ठरल्या वेळी. अन् ‘त्यानं वेळेवर नाही म्हटलं’ म्हणजे ऐन वेळी. पुण्याकडचा माझा साहेब पहिल्या वर्षी गोंधळून जायचा.

लिनक्समधल्या डेडलाइन शेड्युलरला मात्र दोन्ही अर्थ मान्य आहेत. २०१४ साली कर्नल ३.१४ मध्ये आला तो. ज्याची मुदत सगळ्यात जवळ, त्याला आधी. मुदतीच्या क्षणभर अगोदर काम संपलं तरी ते वेळेवरच. लवकर संपवल्याबद्दल कोणाला बक्षीस नाही. हिंगण्याच्या भाऊंनी व्हीसीपीयूच्या थ्रेडला हा लावून पाहायला काय हरकत आहे?

---

कर्नलकाका (१० फेब्रुवारी, दुपारी १:१०)

झिरोमाइल, कल्पना चांगली, पण इथे नको. डेडलाइनचं काम एखाद्या कोअरवर साध्या पद्धतीनं पिन करता येत नाही, त्यासाठी वेगळा सीपीयू-सेट पाडावा लागतो. शिवाय होस्टला कळते ती अख्ख्या व्हीसीपीयूची मुदत. त्या व्हीसीपीयूच्या आत कंट्रोल लूप चाललाय की लॉग लिहिणं चाललंय, हे त्याला दिसत नाही. स्वतंत्र कोअर देणं परवडत असेल तर तोच सोपा मार्ग.

---

वर्धारोड (१० फेब्रुवारी, दुपारी ३:४५)

मला थोडी उलटी बाजू मांडायची आहे. मी मोठ्या क्लस्टरवर शेकडो व्हीएम सांभाळते. माझ्याकडे रोज कुणीतरी ‘लेटन्सी (उशीर) वाढली’ म्हणत येतं आणि कुठल्या तरी लेखात वाचलेले वीस पॅरामीटर एकदम लावून मोकळं होतं. परिणाम असा की एका कामासाठी निम्मे कोअर राखीव होतात आणि उरलेल्या निम्म्यांत बाकीचे सगळे कोंबले जातात. सर्व्हर थ्रूपुटसाठी (एकूण जास्त कामासाठी) लावलेला असतो त्यामागे कारण आहे. मोठे टाइमस्लाइस, कमी अदलाबदल, गरम कॅश, एकत्र गोळा केलेले इंटरप्ट यांतून तेवढ्याच विजेत जास्त काम निघतं. सरासरीला नावं ठेवणं सोपं आहे, विजेचं बिल सरासरीवरच येतं.

म्हणून माझा पहिला सल्ला कर्नलचा नाहीच. एकाच व्हीएममध्ये लूप आणि डेटाबेस ठेवू नका. दोन व्हीएम करा. लूपची छोटी, दोन व्हीसीपीयूंची, तिच्यात आरटी. डेटाबेसची मोठी, तिच्यात साधा कर्नल. एकाच कर्नलला दोघांची मर्जी राखायला लावलं की तो दोघांनाही नाराज करतो.

आणि दुसरं. तुम्ही लिहिलंत की मुलाचा हात भाजला तो ‘रात्रपाळीत’. ते १४ मिलिसेकंद किती वाजताचे आहेत ते पाहिलंत का? सायक्लिकटेस्टचं नुसतं शेवटचं कोष्टक वाचू नका, प्रत्येक मोठा धक्का केव्हा बसला ते नोंदवा.

---

हिंगणा_लूप (११ फेब्रुवारी, सकाळी ८:१०)

काका, आपत्कालीन थांबा तारेनं थेट सेफ्टी रिलेवरच आहे, व्हीएमशी त्याचा संबंध नाही. आज सकाळी स्वतः दाबून पाहिला आणि गरम पट्टीला झाकणही सांगितलंय.

वर्धारोड ताई, तुमचे पाय धरतो. धक्क्यांच्या वेळा काढल्या. ५ मिलिसेकंदांच्या वरचे सगळे धक्के रात्री २:०० ते २:२० च्या मधले. टॉपमधला एसटी दिवसा ०, रात्री दोनला ९ पर्यंत. आणि दोन वाजता होस्टवर काय चालतं? बॅकअप. सगळ्या १६ थ्रेडवर फायली दाबून बांधणारा. मीच लावला होता, ‘रात्री कोण असतं’ असं म्हणून. रात्री लाइन चालू असते.

---

तर्रीवाला_कोडर (११ फेब्रुवारी, सकाळी ८:२५)

रात्री दोनचा बॅकअप म्हणजे मामाच्या गावची जत्रा, सगळे एकदम येतात अन् दारात बसतात.

---

कर्नलकाका (११ फेब्रुवारी, सकाळी ९:००)

बरोबर जुळलं. ६.१ मध्ये जुना सीएफएस शेड्युलर आहे, सर्वांना न्याय्य वाटा देणारा. न्याय्य म्हणजे बॅकअपलाही तेवढाच हक्क. व्हीसीपीयूला बाहेर काढून बॅकअपच्या थ्रेडला काही मिलिसेकंद दिले, पुन्हा आत घेतलं, पुन्हा बाहेर. शेड्युलरची यात काहीच चूक नाही. ६.६ पासून सीएफएसच्या जागी ईईव्हीडीएफ आला, तो लेटन्सीचा विचार जरा जास्त करतो, पण तोही वाटाच करतो, वचन देत नाही.

यात एक आणखी वाईट प्रकार असतो. समजा गेस्टमधल्या एका व्हीसीपीयूनं लॉक धरलाय आणि नेमक्या त्याच क्षणी होस्टनं त्याला बाहेर काढलं. आता बाकीचे व्हीसीपीयू त्या लॉकसाठी जागच्या जागी गिरक्या घेत बसतात. खऱ्या मशीनवर जो लॉक दोन मायक्रोसेकंदांत सुटला असता तो इथे मिलिसेकंदांनी सुटतो. यासाठी प्रोसेसरमध्ये आणि केव्हीएममध्ये सोयी केल्या आहेत, फार वेळ गिरक्या घेणारा व्हीसीपीयू ओळखून त्याला बाजूला करतात, पण त्यानं थ्रूपुट वाचतं, तुमची मुदत वाचत नाही.

---

अंबाझरी_११ (११ फेब्रुवारी, सकाळी ११:४०)

सर, हे आम्हाला शिकवलेल्या प्रायॉरिटी इन्व्हर्जनसारखंच आहे का? मार्स पाथफाइंडरवालं?

---

कर्नलकाका (११ फेब्रुवारी, दुपारी १२:१५)

भावकीतलंच आहे. १९९७ च्या जुलैत पाथफाइंडर मंगळावर उतरलं आणि काही दिवसांनी त्याचा संगणक पुन्हा पुन्हा रीसेट व्हायला लागला. खालच्या अग्रक्रमाचं हवामानाचं काम एक म्युटेक्स (लॉक) धरून बसायचं, मधल्या अग्रक्रमाची कामं त्याला पळू द्यायची नाहीत, आणि वरच्या अग्रक्रमाचं, माहितीच्या बसचं काम त्याच म्युटेक्ससाठी खोळंबायचं. ते काम वेळेत संपलं नाही हे दिसलं की यानाचं सॉफ्टवेअर रीसेट करायचं. म्युटेक्सला अग्रक्रमाचा वारसा देण्याची, म्हणजे लॉक धरणाऱ्याला तेवढ्यापुरता वाट पाहणाऱ्याचा अग्रक्रम देण्याची, सोय यानाच्या व्हीएक्सवर्क्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये होतीच, ती तिथे चालू केलेली नव्हती. इंजिनिअरांनी ती पृथ्वीवरून चालू केली.

फरक एवढाच की लिनक्स आरटी हा वारसा गेस्टच्या आत देतो, होस्टपर्यंत तो पोचत नाही. म्हणून लूपच्या व्हीसीपीयूंना स्वतःचे कोअर द्यायचे, म्हणजे वारशाचा प्रश्नच येत नाही.

---

फुटाळा_साउंड (११ फेब्रुवारी, रात्री ९:३०)

माझा धंदा वेगळा, दुखणं तेच. धरमपेठेत छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. लिनक्सवर विंडोजची व्हीएम, तिच्यात रेकॉर्डिंग. गायकाला स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा आला की तो सुरातून जातो, म्हणून बफर (एका वेळी हाताळायचा आवाजाचा तुकडा) ६४ नमुन्यांचा ठेवतो. ४८ किलोहर्ट्झला ते होतात १.३३ मिलिसेकंद. एक बफर चुकला की ‘टक्’. तबल्याच्या गजरात ती ऐकू येत नाही, तानपुऱ्यावर काळजात रुतते.

मी कोअर पिन केले तरी टक् जाईना. दोन आठवड्यांनी कळलं की मी व्हीएमला दिलेल्या कोअरचा जुळा थ्रेड होस्टकडेच होता. कागदावर सीपीयू ३ व्हीएमचा आणि सीपीयू ११ होस्टचा, पण दोघं एकाच कोअरच्या पोटातले. ११ वर काम आलं की ३ चा वेग पडायचा. जुळी जोडी पूर्ण व्हीएमला दिली आणि निम्मा त्रास गेला. उरलेला गेला तो प्रोसेसरला खोल झोपू न दिल्यानं. खोल सी-स्टेटमधून उठायला त्याला शंभर-दोनशे मायक्रोसेकंद लागू शकतात. मी सी१ च्या (सगळ्यात हलक्या झोपेच्या) खाली जाऊ देत नाही.

---

वर्धारोड (११ फेब्रुवारी, रात्री १०:१५)

फुटाळा_साउंड यांना पूर्ण अनुमोदन, आणि तुमची तानपुऱ्याची टक् मी आमच्या टीमला सांगणार आहे. जुळ्या थ्रेडची चूक मी कितीतरी जणांना करताना पाहिली. क्रमांकावर विश्वास ठेवू नका, एलएस-सीपीयू ही आज्ञा काय सांगते ते पाहा.

हिंगणा_लूप, मेमरीकडेही बघा. लूपच्या व्हीएमला आधीच राखलेली ह्यूजपेज (मेमरीची मोठी पानं) द्या, २ एमबीची किंवा १ जीबीची, आणि तिची सगळी मेमरी लॉक करा. नाहीतर होस्ट नेमका कामाच्या वेळी पानं गोळा करून मोठी करायला बसेल, किंवा केएसएम दोन व्हीएमची सारखी पानं एक करायला बसेल. या दोन्ही गोष्टी माझ्या क्लस्टरवर सोन्यासारख्या आहेत, तुमच्या लूपसाठी विष.

---

हिंगणा_लूप (१५ फेब्रुवारी, दुपारी ४:०५)

चार दिवस याच्याच मागे होतो. दोन व्हीएम केल्या. लूपच्या व्हीएमला दोन पूर्ण कोअर जुळ्यांसकट, पिन करून, वेगळे काढून. १ जीबीची पानं. सी१ च्या खाली झोप बंद. बॅकअप उरलेल्या कोअरवर. डेटाबेसच्या व्हीएमला साधा कर्नल, तिचा वेग पूर्वीइतकाच आला, उलट किंचित जास्त. कमाल १४ मिलिसेकंदांवरून ४१० मायक्रोसेकंद. एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं.

पण वाटलं, अजून घट्ट करू. होस्टवर लूपच्या व्हीसीपीयूच्या थ्रेडला फिफो (रिअल-टाइम) अग्रक्रम दिला आणि गेस्टमध्ये आयडल-पोल लावलं, म्हणजे काम नसतानाही व्हीसीपीयू थांबणार नाही, दार उघडून बाहेर येणार नाही. आता सरासरी ४ मायक्रोसेकंद. आणि कमाल? ५०,००० मायक्रोसेकंद. दर सेकंदाला एकदा, घड्याळ लावल्यासारखे ५० मिलिसेकंद. पहिल्या दिवसापेक्षाही वाईट. लाइन बंद ठेवून फक्त चाचणी चालू आहे. काय करून बसलो?

---

कर्नलकाका (१५ फेब्रुवारी, दुपारी ४:२०)

५० मिलिसेकंद, दर सेकंदाला, नेमके. हा आकडा मी झोपेतही ओळखेन.

लिनक्समध्ये एक सुरक्षेची वेसण आहे. रिअल-टाइम अग्रक्रमाच्या कामांना एका सेकंदातले ९५० मिलिसेकंदच मिळतात. उरलेले ५० बाकीच्यांसाठी. एखादा फिफो थ्रेड वेड्यासारखा फिरत राहिला तर मशीन हातातून जाऊ नये म्हणून ही सोय. साध्या कामात ती कधी जाणवत नाही, कारण रिअल-टाइम काम करतं आणि झोपतं. पण तुम्ही आयडल-पोल लावलंत. होस्टच्या नजरेत तुमचा व्हीसीपीयू शंभर टक्के पळतो आहे, तेही फिफोवर. ९५० झाले की तो त्याला ५० मिलिसेकंद उभा करतो. त्या कोअरवर दुसरं कुणीच नसलं तरी तुमच्या ६.१ मध्ये हे होतंच.

वेसण काढता येते: शेड-आरटी-रनटाइम या सेटिंगमध्ये ९५०००० आहे, तिथे उणे १. पण त्याआधी त्या कोअरवरून होस्टची झाडून सगळी कामं खरंच गेली आहेत का ते बघा, आरसीयूच्या कॉलबॅकपासून. एखादं कर्नल थ्रेड तिथे अडकून राहिलं तर आता त्याला कधीच पाळी मिळणार नाही आणि अख्खा होस्ट गोठू शकतो. ६.१२ मध्ये ही पद्धत बदलली, तिथे साधी कामं खरंच उपाशी असतील तरच त्यांना वाटा काढून देतात.

६.१२ वरून आठवलं. आरटीचे पॅच (कोडचे बदल) २००४-०५ पासून मूळ कर्नलच्या बाहेरच फिरत होते. सप्टेंबर २०२४ मध्ये व्हिएन्नातल्या परिषदेत आरटीचं काम पुढे नेणाऱ्या थॉमस ग्लाइक्सनर यांनी ते कर्नलमध्ये घेण्याची शेवटची विनंती छापून, सोनेरी कागदात गुंडाळून लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्या हातात दिली, आणि ६.१२ पासून आरटी मूळ कर्नलमध्ये आहे. मी कितीतरी वर्षं ते पॅच हातानं चढवले आहेत. तो फोटो पाहिला त्या रात्री मला झोप लागली नाही.

---

तर्रीवाला_कोडर (१५ फेब्रुवारी, दुपारी ४:४०)

काका, एक नंबर. या तुम्ही एकदा, तर्री पोहे माझ्याकडून. हा धागा मी वाचनखुणेत टाकून राहिलो, टीममधल्या पोराईले वाचायले देतो.

---

झिरोमाइल (१५ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:१०)

मग होस्टवरही आरटी कर्नल टाकायचा की नाही? हा मूळ प्रश्न राहूनच गेला.

---

वर्धारोड (१५ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:००)

मी नको म्हणेन. कोअर पूर्ण वेगळे काढले की साधा प्रीएम्प्टिबल (कर्नलचं काम बहुतेक वेळा मध्येच थांबवता येणारा) होस्ट १ मिलिसेकंदाच्या लूपला पुरतो. होस्टवर आरटी टाकला की डेटाबेसच्या व्हीएमचीही नेटवर्क आणि डिस्कची सगळी वाट मंदावते. एका भाडेकरूसाठी सगळ्या वाड्याचं दार बदलायचं का?

---

कर्नलकाका (१५ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:३५)

इथे माझं जुळत नाही. ‘पुरतो’ हे तुम्ही मोजून सांगता, आणि मोजलेल्या तासांपुरतंच ते खरं. वेगळ्या काढलेल्या कोअरवरही होस्टचा कर्नल शिरतो: पानांचे पत्ते बदलले की सगळ्या कोअरना कळवणं, क्वचित कुठलंसं वर्कक्यू (कर्नलनं मागे ठेवलेलं काम). त्या वेळी कर्नल किती वेळ मध्येच थांबवता येणार नाही, याची मर्यादा साध्या होस्टवर कुणी घातलेली नाही. निवृत्त काकांच्या सबस्टेशनसारखं काम असेल तर होस्टवर आरटी लागतोच. एलएफ एनर्जीचा सीपाथ नावाचा मुक्त प्रकल्प नेमका हेच करतो: सबस्टेशनची कामं केव्हीएमवर, खाली आरटी होस्ट.

हिंगण्याच्या लाइनला मात्र, ताई, तुमचं म्हणणं चालेल. फॉल्ट किती उशिराला येतो, हिंगणा_लूप?

---

हिंगणा_लूप (१६ फेब्रुवारी, रात्री ९:५०)

ड्राइव्हला सलग तीन फेऱ्या चुकल्या तर फॉल्ट येतो. म्हणजे खरं तर ३ मिलिसेकंदांपर्यंत लाइन उभी राहत नाही, पण ५०० मायक्रोसेकंदांच्या वर गेलं की पाउचची कड तिरकी येते. म्हणून माझी लक्ष्मणरेषा ५००.

वेसण काढली, त्याआधी कोअर झाडून पाहिले. ५० चे धक्के गेले. आता कमाल ३२०, आणि हे ३२० मात्र कुठल्याच वेळापत्रकात बसेनात. हार्डवेअरची लेटन्सी शोधणारं टूल होस्टवर लावलं तर तिथेही तेच दिसले, कर्नलच्याही खाली. बायोसची एसएमआय. सगळ्या कोअरना थांबवून फर्मवेअर स्वतःचं काम उरकून घेतं आणि कर्नलला पत्ता लागत नाही. जुन्या यूएसबी कीबोर्डची नक्कल बायोसमध्ये चालू होती, ती बंद केली. कमाल ६२ मायक्रोसेकंद. अठरा तास झाले, ६२ च.

बायोसमध्ये तापमानावर नजर ठेवणारंही एक आहे, तेही बंद करू का?

---

निवृत्त_इन्स्ट्रुमेंट (१७ फेब्रुवारी, सकाळी ६:४५)

ते अजिबात नको. तापमानाची राखण बंद करून मायक्रोसेकंद मिळवायचे नाहीत.

आणि तुमचे हे सगळे आकडे फेब्रुवारीतले आहेत. तुमचे दोन कोअर आता काम नसतानाही पूर्ण वेगानं फिरतात, ती उष्णता कुठेतरी जाणार. पॅनल रूमचा एसी एकच असेल तर तो बंद पडण्याचा दिवस मे महिन्यातच येतो. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग कमी करतो आणि तुमची कमाल पुन्हा वर जाते. मेमध्ये दुपारी तीन वाजता मोजा आणि इथे लिहा. तोवर मी ६२ धरत नाही.

---

हिंगणा_लूप (२१ मे, संध्याकाळी ५:२०)

काका, मोजलं. आज बाहेर ४५ होतं. एसी बंद पडायची वाट पाहिली नाही, लाइन थांबवून दुपारी तीनला अर्धा तास मीच बंद ठेवला.

दहाव्या मिनिटाला प्रोसेसरनं वेग कमी करायला सुरुवात केली. लूपची कमाल १९० झाली, रेषेच्या आत. पण आधी मार बसला तो डेटाबेसला, कारण माझे दोन कोअर रिकामे फिरून सगळ्या चिपची उष्णता खात होते. मग गेस्टमधलं आयडल-पोल काढून हॉल्ट-पोल लावलं: काम संपलं की २०० मायक्रोसेकंद जागा राहतो, मग थांबतो. लूपच्या फेरीत साताठशे मायक्रोसेकंद तरी रिकामे असतात, म्हणजे आता तो दर फेरीत झोपतो आणि उठतो. एसी चालू असताना कमाल ६२ वरून ८८. पण बंद एसीत पुन्हा तासभर चालवलं तर वेग कमी झालाच नाही, आणि कमाल ९५ च्या वर गेली नाही.

हेच ठेवतोय. कड सरळ येते आहे. फेब्रुवारीपासून त्या फॉल्टनं लाइन एकदाही उभी राहिली नाही. रात्रपाळीतल्या त्या मुलाचा हात बरा आहे, गरम पट्टीला झाकण बसलं.

---

निवृत्त_इन्स्ट्रुमेंट (२१ मे, संध्याकाळी ६:००)

आता ८८ धरतो. त्या पॅनल रूमला दुसरा एसी मात्र मागून घ्या.